शंभरावर अभ्यासक्रम, पण त्याचा मला उपयोग काय? विद्यापीठ निवडताना नक्की बघायचं तरी काय?

शाईचा_डाग (प्रश्न)

नमस्कार. यंदा विद्यापीठात जायचं आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय आणि महिनाअखेरीपर्यंत एकाला होकार कळवायचा आहे.

पहिलं विद्यापीठ जुनं आणि अवाढव्य. त्याचं प्रॉस्पेक्टस हातात धरलं तर मनगट दुखतं. भूगर्भशास्त्रापासून नाट्यशास्त्रापर्यंत शंभरावर अभ्यासक्रम, आणि शेवटी बारीक अक्षरात प्राध्यापकांच्या नावांची पानंच्या पानं. दुसरं नवं, आटोपशीर, फक्त विज्ञान आणि अभियांत्रिकीचं. प्रयोगशाळा कोऱ्या करकरीत, आणि सगळी माहिती चार पानांत मावते.

माझी अडचण वेगळीच आहे. मला रसायनशास्त्र मनापासून आवडतं आणि प्राचीन इतिहासही. उत्खननात सापडलेल्या खापराच्या तुकड्यावरून त्या भांड्यात काय शिजत होतं ते ओळखता येतं, असं एका व्याख्यानात ऐकलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. घरचे म्हणतात, एक काय ते ठरव. मोठी बहीण म्हणते, शंभर विषय असले म्हणून तू काय शंभर शिकणार आहेस? तिचं खरंच आहे.

म्हणून इथे विचारते. विद्यापीठात विषय किती, माणसं कोण, संशोधन कशाकशावर चालतं, याचा पहिल्या वर्षाच्या मुलीला प्रत्यक्षात काही उपयोग होतो का? की ते नुसतं छापायला बरं दिसतं? ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी सांगा. जागतिक क्रमवारी मी पाहिली, त्यातून मला काही उमगलं नाही.

---

अंकगणित

क्रमवारीतून उमगलं नाही यात तुझी चूक नाही. २००३ पासून निघणारी शांघायची क्रमवारीच घे. तिथले निकष असे: माजी विद्यार्थ्यांना मिळालेले नोबेल आणि फील्ड्स पदक (गणितातला मोठा सन्मान) १० टक्के, प्राध्यापकांना मिळालेले २० टक्के, ज्यांचे संदर्भ सर्वाधिक दिले जातात असे संशोधक २० टक्के, 'नेचर' आणि 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकांमधले निबंध २० टक्के, एकूण निबंध २० टक्के, आणि हे सगळं माणशी किती पडतं त्याला १० टक्के. यात वर्गात काय शिकवतात याला एकही टक्का नाही. शिवाय एकूण निबंध मोजताना विज्ञान आणि समाजशास्त्रांच्या सूच्या धरतात, कला-मानव्यविद्यांची सूची धरत नाहीत. म्हणजे तुझा अर्धा प्रश्न त्या तक्त्यात मांडलेलाच नाही.

बाकी आतली माहिती मला नाही, ती इतर देतील.

---

आठवी_तासिका

मी शिकवते, आणि अकरा वर्षं आमच्या विद्याशाखेचं टाइमटेबल लावलंय. त्यामुळे प्रॉस्पेक्टसमधला अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष चालणारा अभ्यासक्रम यातला फरक मला रोजच्या कामातून कळला.

ऐच्छिक विषय हा बहुतेकदा एका माणसाच्या जिवावर चालतो. प्राचीन नाण्यांचा विषय आहे म्हणजे नाण्यांवर काम करणारं कुणीतरी त्या विभागात आहे. ते माणूस संशोधन-रजेवर गेलं की वर्षभर विषय बंद. निवृत्त झालं आणि जागा भरली नाही, तर विषय छापील यादीत तसाच राहतो आणि वर्गात मात्र कधीच उगवत नाही. त्याशिवाय किमान विद्यार्थीसंख्येची अट असते. नावं पुरेशी आली नाहीत तर पहिल्याच आठवड्यात नोटीस लागते. ती नोटीस मी स्वतः कित्येकदा लावली आहे, आणि बोर्डापुढे उभं राहून ती वाचणाऱ्या दोन-तीन मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या विषयासाठीच ती आलेली असायची.

तुझ्यापुरता सर्वांत मोठा धोका तिसराच आहे. रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं अख्खी दुपार खातात. कला शाखेचे ऐच्छिक विषयही खोल्या मोकळ्या असतात म्हणून दुपारीच टाकले जातात. नियमात 'कुठल्याही विद्याशाखेतला विषय घेता येईल' असं लिहिलेलं असतं, ते खोटंही नसतं, पण मंगळवारी दोन वाजता एक मुलगी दोन इमारतींत कशी बसणार? दोन विद्याशाखांची टाइमटेबलं लावणारी माणसं एकमेकांशी बोलतात का, यावर तुझं शिक्षण ठरेल. आमच्याकडे आम्ही बोलायला लागलो ते माझ्या या कामाच्या सातव्या वर्षी. दोघी एका लग्नात शेजारी बसलो म्हणून.

तेव्हा प्रॉस्पेक्टस बाजूला ठेव आणि दोन्ही ठिकाणची मागच्या तीन वर्षांची टाइमटेबलं मिळव. बहुतेक ठिकाणी ती विभागाच्या संकेतस्थळावर पडून असतात. तुला हवा तो विषय तीनपैकी किती वर्षं खरोखर चालला? कुणी शिकवला? दर वर्षी नाव बदलतंय का?

आणि एक सांगते, निवड हवी म्हणून अमर्याद निवड मागू नकोस. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं अध्यक्ष होते, त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ सगळे काढून टाकले आणि मुलांना मोकळं सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी लगेच ते आवरलं: एका विषयात खोल जा, आणि उरलेले वेगवेगळ्या गटांतून घ्या. आज जगभर जी 'मुख्य विषय अधिक इतर' अशी रचना दिसते तिच्यामागे हा अनुभव आहे. वेळेचाही हिशेब कर. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे १५०० ते १८०० तास. त्यात दोन पूर्ण पदव्या बसत नाहीत. एक पूर्ण विषय आणि दुसऱ्याचे तीन-चार नीट निवडलेले अभ्यासक्रम मात्र आरामात बसतात.

---

निळी_ज्योत

मी प्राध्यापक नाही. रसायनशास्त्र विभागाच्या तळघरात तेहेतीस वर्षं ग्लासब्लोअर, म्हणजे काच फुंकून उपकरणं करणारा, होतो. प्रॉस्पेक्टसमध्ये माझं नाव कधी आलं नाही, यायचं कारणही नाही. पण विद्यापीठात कोण कशावर काम करतंय हे मला कुलगुरूंपेक्षा आधी कळायचं, कारण ज्याचं काम पुढे सरकायचं त्याची काच फुटायची.

प्रयोगशाळेत लागणारी सगळी काच दुकानात मिळते असं लोकांना वाटतं. चंचुपात्र मिळतं, चंबू मिळतो. पण ज्या प्रयोगाची कल्पनाच गेल्या आठवड्यात सुचली त्याचं उपकरण कुठल्या दुकानात असणार? ते कागदावर पेन्सिलीने काढून मुलं खाली यायची. बहुतेक चित्रं अशी असायची की तशी काच करताच येत नाही. मग आम्ही टेबलाशी बसायचो. मी विचारायचो, या नळीतून काय जाणार आहे? किती गरम? आत हवा की निर्वात? ही नळी इथेच का? अर्ध्या तासात चित्र बदलायचं आणि कित्येकदा प्रयोगही बदलायचा. एका मुलाने मला नंतर येऊन सांगितलं होतं की गाईडने जे प्रश्न विचारायला हवे होते ते तुम्ही विचारलेत. गाईड चांगलेच होते, मी तसं त्याला म्हटलंही. फक्त काच खोटं चालू देत नाही. नळी जिथे जाते तिथे ती का जाते हे सांगता यावंच लागतं.

बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी काच, आठशे वीस अंशांच्या आसपास मऊ होते. ज्योतीत धरली की तिच्यातलं सोडियम पिवळं जळतं, इतकं झगझगीत की त्या पिवळ्यापलीकडे काहीच दिसत नाही. त्यासाठी आम्ही डायडिमियमचा चष्मा लावतो. निओडिमियम आणि प्रेझिओडिमियम ही दोन मूलद्रव्यं त्या भिंगांत असतात आणि ती नेमका तो पिवळा गिळतात. चष्मा चढवला की झळाळी नाहीशी होते, आणि मधासारखी हलणारी काचेची कड स्पष्ट दिसते. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एकदा तो चष्मा लावून ज्योतीकडे बघायला द्यायचो. वर्णपटाचा धडा त्यांनी पुस्तकात केलेला असायचा, पण तोंडातून 'अरे!' निघायचं ते इथे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या टेबलाशी जी रांग लागायची, ते माझ्या मते खरं विद्यापीठ. एक दिवस सांगतो. भूगर्भशास्त्राचा एक मुलगा निर्वात-वाहिनीचा, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या नळ्यांच्या जोडणीचा, तुकडा घेऊन आला होता. खडक निर्वातात तापवून त्यातला आर्गॉन वायू काढायचा आणि त्यावरून खडकाचं वय काढायचं, हे त्याचं काम. पोटॅशियमचा एक प्रकार हळूहळू विघटन पावून आर्गॉन होतो, म्हणून आर्गॉन मोजला की वय कळतं. त्याच्या मागे वनस्पतिशास्त्राची एक मुलगी क्वार्ट्झच्या नळ्यांचा डबा घेऊन उभी. वाळलेल्या पानाची पूड कॉपर ऑक्साइडबरोबर नळीत घालायची, हवा काढून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, भट्टीत जाळायची आणि आत जमलेल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण मोजायचं. तिसरे होते पुरातत्त्वाचे एक सर. ते माझ्याकडे एक जुनं काचेचं भांडं चिकटवता येईल का विचारायला आले होते, म्हणजे खरं तर चुकीच्या माणसाकडे.

त्या मुलाची नळी मी दोन ध्रुवीकरण-पट्ट्यांमध्ये धरून बघत होतो. ताण राहिलेल्या काचेत तसं धरलं की रंगीत पट्टे दिसतात, ती उद्या ना परवा तडकणारच. बघायला तिघंही वाकली. मुलगी सहज म्हणाली, ठरलेल्या मानकाशी ताडून बघितलं तर भात-गव्हाच्या गटातल्या झाडांचा जड कार्बनचा आकडा उणे सत्तावीसच्या आसपास येतो आणि मका, ज्वारी, ऊस यांचा उणे तेराच्या, दर हजारी. सर एकदम सरळ झाले. म्हणाले, आणि ती झाडं खाणाऱ्या माणसांच्या हाडांत?

तो फरक हाडांतही उतरतो. हे काही आमच्या तळघरात लागलेला शोध नव्हे. १९७८ साली व्हॅन डर मर्व आणि व्होगेल यांनी उत्तर अमेरिकेतल्या जुन्या सांगाड्यांच्या हाडांवरून लोक मका खाऊ लागल्याचं दाखवून दिलं होतं. त्यांतले एक पुरातत्त्वज्ञ, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. सरांनी तो निबंध वाचलेला होता. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच की आपल्याच आवारात, दोन इमारती पलीकडे, हे मोजणारं यंत्र आहे आणि ते चालवणारी मुलगी रोज दुपारी माझ्याकडे नळ्या बंद करून घ्यायला येते. पुढच्या वर्षी पुरातत्त्वाच्या दोन विद्यार्थ्यांची नावं वनस्पतिशास्त्राच्या यंत्राच्या वहीत दिसायला लागली. भूगर्भवाल्या मुलाने त्यांना निर्वात-वाहिनी चालवायला शिकवली.

म्हणून तुझ्या बहिणीला सांग, शंभर विषय तू शिकणार नाहीस हे बरोबर. पण त्या शंभर विषयांची माणसं तुझ्याबरोबर एकाच रांगेत उभी राहणार आहेत. तुला जे करायचंय, खापर आणि रसायन, ते एका विभागात राहतच नाही. ते दोन विभागांच्या मधल्या पायवाटेवर राहतं, आणि पायवाट असायला दोन्ही टोकांना घर लागतं.

आणि ही माणसं फक्त प्राध्यापक नसतात, हे मला कळकळीने सांगायचं आहे. जर्मनीतल्या गीसेनमध्ये लीबिग हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी प्राध्यापक झाला आणि त्याने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हाताने काम करायला लावलं. आजच्या रसायनशास्त्राच्या शिक्षणाचं मूळ तिथे आहे. त्याच्या पद्धतीचा जीव होता १८३१ सालचं एक काचेचं उपकरण: त्रिकोणात वाकवलेली नळी आणि तिच्यावर पाच फुगे. फुग्यांत पोटॅशचं द्रावण. पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो, आधी आणि नंतर वजन करा, कार्बन किती ते कळलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ते पाच फुगे आजही आहेत. बॉनमध्ये हाइनरिश गाइसलर हा काच फुंकणारा कारागीर तिथल्या विद्यापीठातल्या प्ल्यूकर या प्राध्यापकासाठी १८५७ साली निर्वात नळ्या करू लागला. विरळ वायूतून वीज सोडली की त्या नळ्या रंगांनी उजळायच्या. १८६८ मध्ये बॉन विद्यापीठाने त्या कारागिराला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच नळ्यांच्या पुढच्या पिढ्यांमधून १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन. केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या थॉमसनच्या नळ्या एबेनेझर एव्हरेट हा त्यांचा मदतनीस करायचा.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मँचेस्टरचा ओटो बाउम्बाख. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डला सिद्ध करायचं होतं की किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच. त्यासाठी अशी नळी हवी होती की जिच्या भिंतीतून अल्फा कण पार होतील पण वायू गळणार नाही. बाउम्बाखने भिंत फुंकली ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, सगळीकडे सारखी, आणि बाहेरच्या हवेचा दाब पेलणारी. १९०९ च्या त्या निबंधात रदरफर्डने त्याचं नाव घेतलं आहे. मी तेहेतीस वर्षांत तशी भिंत फुंकायचा प्रयत्न अनेकदा केला. दोनदा जमली.

मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. लेथ विकली, भट्टी अडगळीत गेली. काच आता बाहेरून मागवतात आणि ती सहा आठवड्यांनी येते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. पण सहा आठवड्यांत एखाद्या मुलाचा हुरूप किती उरतो, हे मी बघितलंय आणि त्याचा मला राग आहे.

---

शाईचा_डाग

काका, तुमचं उत्तर मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. बहीण काही बोलली नाही, पण तिने ते स्वतःच्या फोनवर मागून घेतलं.

आठवी_तासिका, तुम्ही म्हणालात तसं टाइमटेबल काढलं. मोठ्या विद्यापीठात 'पुरातत्त्व परिचय' तिन्ही वर्षं चालला आहे, सकाळी, एकाच बाईंच्या नावावर. 'प्राचीन तंत्रज्ञान' मात्र तीनपैकी एकदाच. छोट्या ठिकाणी इतिहासाचा एकच विषय आहे, विज्ञानाचा इतिहास, पण तो दर वर्षी चालतो.

आता दोन शंका उरल्या. एक, प्राध्यापकांच्या यादीत नावांपुढे सहाय्यक, सहयोगी, अतिथी, तासिका तत्त्वावर असं काय काय लिहिलंय. यावरून शिक्षक चांगले की वाईट ते कळतं का? दुसरं, संशोधन मोठं असलं तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीला तिथे कोण उभं करणार?

---

पानावरचं_मेण

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. तळ्याच्या गाळात हजारो वर्षं टिकून राहिलेलं पानांवरचं मेण, हा माझा विषय. तुझ्या खापरांशी त्याचं जवळचं नातं आहे, पद्धत जवळपास तीच.

आधी खापराबद्दल सांगते, राहवत नाही म्हणून. भाजलेली माती सच्छिद्र असते, शिजताना चरबी तिच्या भिंतीत मुरते आणि तिथे हजारो वर्षं टिकते. तुकड्याचा वरचा थर आधी खरवडून टाकायचा, कारण त्याला मातीचा आणि हातांचा स्पर्श झालेला असतो. मग आतला भाग कुटून पूड करायची, एक-दोन ग्रॅम पुरते, आणि द्रावकाने चरबी बाहेर काढायची. यंत्रातून जो आलेख निघतो त्यात सोळा आणि अठरा कार्बनांच्या मेदाम्लांचे दोन सुळके उभे राहतात. कधी एक तिसराच सुळका दिसतो, स्क्वालीनचा. ते माणसाच्या त्वचेवरचं तेल, म्हणजे उत्खननात कुणीतरी ते खापर उघड्या हाताने उचललं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं असेल तर प्लास्टिकचेही सुळके येतात. म्हणून खणणाऱ्याला रसायन कळावं लागतं आणि रसायनवाल्याला खणणं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने त्या दोन मेदाम्लांमधल्या कार्बनच्या प्रमाणावरून दुधाची चरबी आणि मांसाची चरबी वेगळी ओळखून दाखवली. २००८ मध्ये त्यांनी २२००हून जास्त भांड्यांवरून सांगितलं की पश्चिम आशियात इ.स.पू. सातव्या सहस्रकातच दूध वापरात होतं. एव्हरशेड रसायनशास्त्र विभागातले. तू जे शोधते आहेस ते अस्तित्वात आहे आणि त्याला भरपूर काम आहे.

पदांबद्दल: पदावरून शिकवणं कळत नाही. मला आजवर सर्वांत उत्तम शिकवलं ते तासिका तत्त्वावरच्या एका बाईंनी. त्यांना सुट्टीत मानधन नव्हतं, बसायला खोली नव्हती, शंका असली की आम्ही त्यांना जिन्यात गाठायचो. त्या तिसऱ्या वर्षी दिसल्या नाहीत. म्हणून 'अतिथी' नाव वाईट नाही, पण एखाद्या विभागात निम्म्याहून जास्त नावं तशी असतील तर तू शेवटच्या वर्षाला पोहोचशील तेव्हा शिफारसपत्र लिहायला तुला ओळखणारं कोण उरेल, हा विचार कर.

आणि पद म्हणजे संशोधनाची उंची असंही नाही. कॅटलिन कारिको १९८९ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना पोचवणारा रेणू, यावरच्या कामाला पैसा मिळेना म्हणून १९९५ मध्ये त्यांचं पद खाली आणलं गेलं. त्या तिथेच राहिल्या. १९९७ च्या सुमारास रोगप्रतिकारशास्त्राचे ड्रू वाइसमन तिथे आले आणि दोघांची गाठ पडली ती झेरॉक्स मशीनपाशी. दोघांनी मिळून २००५ मध्ये दाखवलं की एमआरएनएतला एक घटक किंचित बदलला तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. कोविडच्या एमआरएनए लशी त्यावर उभ्या आहेत. २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं. निळी_ज्योत काकांचं टेबल आणि ते झेरॉक्स मशीन मला सारखंच वाटतं.

पहिल्या वर्षाच्या मुलीला कोण उभं करणार? १९६६ मध्ये इंडियाना विद्यापीठाचे थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत जिवाणू शोधत होते. सोबत हडसन फ्रीझ होता, पदवीचा विद्यार्थी. त्या दोघांनी मिळून सत्तर अंशांच्या आसपास मजेत वाढणारा एक जिवाणू वेगळा केला. १९६९ च्या निबंधावर दोघांची नावं आहेत. त्याच जिवाणूतलं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीत, वापरात आलं, आणि ही पद्धत आज कितीतरी जनुकीय चाचण्यांत लागते. त्या दिवशी त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. गरम पाण्यात कोण जगतं, एवढाच प्रश्न होता.

तू हे कर. आवडलेल्या दोन-तीन प्राध्यापकांचे गेल्या चार वर्षांतले निबंध शोध. विषय कळला नाही तरी चालेल, फक्त लेखकांची नावं वाच. प्राध्यापकांबरोबरची नावं कुणाची आहेत? विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का? शेवटी आभाराचा परिच्छेद असतो, तो तर वाचच. तिथे तंत्रज्ञ, ग्रंथपाल, यंत्र चालवणारे यांची नावं नीट घेतली असतील तर ती प्रयोगशाळा माणसांना धरून चालते. मग त्यांच्याकडच्या एखाद्या पीएचडीच्या मुलीला लिही, प्राध्यापकांना नको. आठवड्यातून एक दुपार काम करायला येऊ देतात का, असं सरळ विचार. आमच्याकडे अशी एक मुलगी यायची. पहिले तीन महिने तिने फक्त काचसामान धुतलं आणि आमचं बोलणं ऐकलं. आता माझ्या नमुन्यांचं निम्मं काम ती करते, आणि पुढच्या निबंधावर तिचं नाव असणार आहे.

---

आठवी_तासिका

'प्राचीन तंत्रज्ञान' तीनपैकी एकदाच चालला म्हणालीस, त्याचं कारण विचार. शिक्षक रजेवर होते की मुलं कमी पडली? मुलं कमी पडली असतील तर एक गोष्ट ठाऊक असू दे: ती संख्या दोन-तीनने हुकलेली असते. अर्ज भरायच्या आधी मैत्रिणींना गोळा करून विषय चालू करून घेतलेली मुलं मी बघितली आहेत. विभागप्रमुखांनाही तेच हवं असतं.

---

निळी_ज्योत

पोरी, तुला मी उगाच एकाच बाजूला ढकलत नाहीये ना, असं रात्री वाटलं. छोट्या विद्यापीठाला नाही म्हणायच्या आधी तिथेही चौकशी कर. लहान ठिकाणी कधीकधी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, आणि जवळपास एखादं संग्रहालय किंवा दुसरं विद्यापीठ असेल तर पायवाट कुंपणाबाहेरूनही जाते. आपलं विद्यापीठ बाहेरच्या विषयाची क्रेडिट धरतं का, ते मात्र लेखी विचार.

दोन्हीकडे फोन लावून एवढंच विचार: एखादं उपकरण मोडलं, किंवा नवं करून हवं असलं, तर विद्यार्थी कुणाकडे जातात? उत्तरात माणसाचं नाव येतं की फॉर्मचा क्रमांक येतो ते ऐक.

---

शाईचा_डाग

दोन्हीकडे फोन केला. छोट्या ठिकाणी एका सरांनी फार आपुलकीने सांगितलं की काच आणि यंत्रांचे भाग बाहेरून येतात, महिना-दीड महिना लागतो, पण त्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटरची खोली आहे आणि ती पहिल्या वर्षाच्या मुलांनाही रात्री उशिरापर्यंत उघडी असते. क्रेडिटचं लेखी कळवतो म्हणाले.

मोठ्या ठिकाणी फोन तीन वेळा इकडून तिकडे फिरवला. शेवटी एका बाईंनी उचलला, मागे काहीतरी फुरफुरत होतं. त्या स्वतःच ग्लासब्लोअर निघाल्या. आठवड्यातून तीनच दिवस असतात, उरलेले दोन दिवस भौतिकशास्त्राला दिलेत. मी पुरातत्त्व म्हटल्यावर म्हणाल्या, मग बुधवारी ये, पुरातत्त्वाची एक मुलगी बुधवारी नळ्या घेऊन येते.

बुधवारी दुपारी दोनला जाते आहे. बहीणही येते म्हणाली. काका, चष्म्याचं मी फोनवरच विचारलं. त्या म्हणाल्या, दोन आहेत, दोघींनाही बघता येईल.